यजमान आणि सूत्रधार

जबलपूरहून भेडाघाटला जाणारे बहुतेक प्रवासी संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा पाहतात आणि परततात. जवळच्या टेकडीच्या पायऱ्या चढून चौसष्ट योगिनींच्या वर्तुळाकार मंदिरापर्यंत जाणारे त्या मानाने थोडे. ज्या शिलालेखाने भेडाघाटच्या इतिहासाला एक पक्की तारीख दिली, तो तर तेथे पाहावयास मिळतच नाही. फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने एकोणिसाव्या शतकात तो प्रसिद्ध केला आणि ती शिला न्यू हेवन येथील अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या संग्रहात गेली. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदि संवताच्या लेखांचा जो महाग्रंथ संपादिला व जो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मात्र हा लेख समग्र वाचावयास मिळतो.

लेख कलचुरी संवत् ९०७ चा, म्हणजे इसवी सन ११५५ चा आहे. त्रिपुरीचा राजा गयाकर्ण दिवंगत झाला होता आणि त्याचा पुत्र नरसिंह राज्य करीत होता. अशा वेळी राजमाता अल्हणदेवी हिने भेडाघाट येथे शिवमंदिर बांधविले. त्याला जोडून मठ, व्याख्यानशाळा आणि उद्यानांची रांग उभी केली. खर्चासाठी गावे लावून दिली. आणि ही सर्व व्यवस्था रुद्रराशी नावाच्या पाशुपत तपस्व्याच्या हाती सोपविली. राजवंशाची स्तुती आटोपल्यावर लेखाच्या शेवटी काही साधी नावे येतात. प्रशस्ती रचणारा शशिधर, ती लिहून देणारा पृथ्वीधर, अक्षरे खोदणारा महीधर. आणि ज्याने ही सारी वास्तू विश्वकर्म्याच्या नियमांनुसार आखली तो सूत्रधार पीथे.

राणी आणि गवंडी यांची नावे एकाच दगडावर यावीत, ही गोष्ट किरकोळ नाही. बांधकाम चालू असता त्या दोघांचा कधी खटका उडाला काय, हे प्रशस्ती सांगणार नाही. तो तिचा धर्मच नव्हे. परंतु कोणी काय ठरविले याची विभागणी तीत पुरेशी स्पष्ट आहे. मठ हवा, विद्यार्थ्यांना बसावयास शाळा हवी, सावलीला बाग हवी, हे राणीने ठरविले. पैसा कोणत्या गावांतून यावा हेही तिनेच ठरविले. वास्तूची आखणी पीथेने ठरविली. आणि पीथेनेही ती मनाला येईल तशी ठरविली नाही. त्याच्यावर विश्वकर्म्याचे शास्त्र होते. घराच्या दुरुस्तीला हात घातलेला आजचा गृहस्थ ज्या प्रश्नाने हैराण होतो, की गवंड्याचे कुठवर ऐकावे आणि कुठे त्याला थांबवावे, त्याचे एक जुने उत्तर या तीन पदरी रचनेत सापडते. आजच्या घरात यजमान आणि कारागीर हे दोनच पक्ष उरल्यासारखे दिसतात. तिसरा विसरला गेला आहे.

अल्हणदेवीची आई श्यामलदेवी ही माळव्याच्या उदयादित्य परमाराची कन्या. म्हणजे हा संबंध थेट भोजराजाच्या घराण्याशी पोहोचतो. भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुग्रंथात स्थपतीची लक्षणे सांगणारा अध्याय आहे. शास्त्र, कर्म, प्रज्ञा आणि शील अशा चार कसोट्या त्यात घातल्या आहेत. नुसते शास्त्र पढलेला माणूस प्रत्यक्ष कामाच्या वेळी भांबावतो आणि नुसता हात बसलेला माणूस आंधळ्यासारखा दुसऱ्याच्या आधाराने चालतो, असा त्याचा आशय आहे. या कसोट्या काम सुरू होण्यापूर्वीच्या आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शील पारखावयाचे ते पाया खणण्याआधी. अर्धे घर मोकळे करून, छप्पर उतरवून, सामानसुमान शेजाऱ्याच्या ओसरीवर ठेवून झाल्यावर कारागिराचे शील पारखण्यात फारसा अर्थ नसतो.

भोपाळजवळ भोजपूर येथे भोजाचे म्हणून ओळखले जाणारे शिवमंदिर अपुरे राहिले आहे. ते अपुरे राहिले म्हणूनच एक दुर्मीळ गोष्ट वाचली. आसपासच्या खडकांवर मंदिराचे आराखडे, स्तंभ, शिखरांचे भाग रेषांनी कोरलेले आजही दिसतात. काम पुरे होऊन परिसर झाडून निघाला असता, तर कदाचित हे कोणाला कळलेही नसते. दगड घडविण्याआधी रेषा काढलेली असे, आणि ज्याला पाहावयाची त्याला ती उन्हात उघडी दिसे. दुमत असेल तर ते रेषेवर दाखवावे. दगड चढल्यावर त्याचा खर्च दोघांनाही सोसत नाही.

मराठी मुलखात ही परंपरा वेगळ्या वेषात चालत आली. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरातील शिलालेखात शिवछत्रपतींच्या आज्ञेने हिरोजीने काय काय बांधले याची यादी आहे आणि मंदिराच्या एका पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव वेगळे कोरलेले आहे. राजाने गड निवडला, हिरोजीने तो बांधला. सामान्य घरांत हीच विभागणी ‘खण’ या शब्दाने होई. दोन खांबांमधले अंतर तो खण. यजमान सांगे, सात खणांचे माजघर, पाच खणांची ओटी, मध्ये चौक. खांब किती जाडीचा, तुळई कोणत्या लाकडाची, कडीपाट कसा बसवावा, हे सुतार-गवंडी ठरवीत. माप यजमानाच्या गरजेतून निघे आणि ताकद कारागिराच्या अनुभवातून. १७८१ मध्ये जबलपूर सागरच्या मराठ्यांच्या ताब्यात आले, १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदाखोरे नागपूरकर भोसल्यांकडे दिले आणि १८१७ अखेर इंग्रजांनी ते घेतले. या साडेतीन दशकांत आणि त्यानंतरही या शहरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी ‘खण’ हा हिशेब आपल्या बरोबर आणला असल्यास नवल नाही.

या व्यवस्थेला तडा गेला तो मजुरीची पद्धत बदलली तेव्हा. पूर्वी लाकूड, चुना, वीट यजमान आणून देई आणि कारागीर रोजाने काम करी. सामान जास्त लागले तरी गवंड्याचे काही जात नसे. भिंत पडली तर मात्र पंचक्रोशीत नाव जाई. १८५४ नंतर सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले, १८७० मध्ये मुंबई आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपुरात जुळले, १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना आला. या सर्वांबरोबर ठेकेदार आला. ठेक्यात सामान आणि मजुरी एकत्र धरलेली असते. जे वाचेल ते ठेकेदाराचे. सगळे ठेकेदार लबाड असतात असा याचा अर्थ नव्हे. परंतु ज्याचा फायदा बचतीत आहे, त्याचा सल्ला बचतीकडे झुकणार, हे समजून घेण्याला पुरावा लागत नाही. सरकारी खात्याने म्हणून मोजमापाची वही काढली. ती वही लांबी, रुंदी, उंची चोख मोजते. गिलाव्याच्या आत काय आहे हे गिलावा चढण्यापूर्वी कोणी पाहिले नसेल, तर ते तिलाही कळत नाही.

कधीकधी याच्या उलटही घडते. शंका कारागिरालाच येते. बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट याने केला. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्याचाच. आपल्या हिशेबात चूक झाली असून या इमारती उभ्या राहणार नाहीत, अशा धास्तीने त्याचे मन ढळले, असे सांगतात. १८८१ मध्ये तो वारला. बडोद्याचे काम रॉबर्ट चिझम या दुसऱ्या वास्तुविशारदाने हाती घेऊन १८९० मध्ये पुरे केले. दोन्ही राजवाडे आजही उभे आहेत. तांत्रिक शंकेचे निवारण यजमानाच्या धीराने होत नाही आणि त्याच्या घाबरण्यानेही होत नाही; त्याला दुसरा जाणकार लागतो. बडोदे सरकारपाशी तो होता. सामान्य गृहस्थाला तो परवडत नाही असे म्हणतात, पण घराच्या एकूण खर्चात एका तपासणीची फी किती निघते, हा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडून पाहतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जो भूकंप झाला त्याने हा सारा विषय दिवाणखान्यातील चर्चेतून बाहेर काढला. किल्लारी आणि आसपासच्या गावांत आठ ते दहा हजार माणसे गेली. तेथील घरे दगडमातीची, वर माळवद. भिंती दोन-दोन, कुठे चार-चार फूट जाड. एवढी जाड भिंत पडेलच कशी, असे गावात कोणीही म्हटले असते, आणि गवंडीही तेच म्हणत. परंतु ती भिंत एक नव्हतीच. बाहेरच्या अंगाला एक थर, आतल्या अंगाला दुसरा, आणि मध्ये दगडगोटे व चिखल. दोन्ही थरांना जोडणारा आरपार लांब दगड घालण्याची रीत बहुतेक ठिकाणी सुटून गेली होती. हादरा बसताच दोन्ही थर एकमेकांपासून फुटून दोन बाजूंना कोसळले. वरून माळवदाची माती आली. गळती थांबावी, उन्हाळा सुसह्य व्हावा म्हणून घरमालकांनी वर्षानुवर्षे त्या मातीवर माती चढविली होती. तेव्हा दोष वाटावयाचा तर गवंड्याने भिंतीच्या आत जे केले आणि मालकाने छपरावर जे केले, त्या दोघांनाही वाटावा लागेल.

विचित्र भाग पुढचा. पुष्कळ घरांत लाकडी खांबांचा खण उभाच राहिला होता. भिंती बाहेर पडल्या तरी छप्पर खांबांवर तोलून होते. ज्याने वाचविले ते लाकूड, आणि ज्याने मारले ती सुटी दगडी भिंत व मातीचा भार. परंतु दुःखाने आंधळे झालेल्या माणसाला हा भेद कसा दिसावा? लोकांनी दगड आणि लाकूड दोहोंचाही धसका घेतला. कित्येकांनी पिढ्यान्‌पिढ्यांचे सागवान विकून टाकले. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने बावन्न गावे नव्याने वसविली आणि इतर बाराशेहून अधिक गावांत दुरुस्तीचा व मजबुतीचा कार्यक्रम घेतला. या दुसऱ्या कार्यक्रमात पैसा हप्त्याहप्त्याने थेट घरमालकाला द्यावयाचा, सामान त्याने आणावयाचे, गवंडी त्याने लावावयाचा आणि अभियंत्याने पाहणी करावयाची असे ठरले. म्हणजे नकळत जुनी तीन पदरी रचनाच पुन्हा आली.

त्या मजबुतीचे तंत्र दिसावयास अगदी साधे होते. जुन्या भिंतीत ठराविक अंतरावर भोक पाडून त्यात आकड्याची सळई ठेवावी आणि काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. माळवदाची जास्तीची माती उतरवावी. भिंतीच्या माथ्याशी घराभोवती एक पट्टा फिरवावा. अनेक घरमालकांना हे पटले नाही. चांगल्या भिंतीला भोके कशाला, असे गवंडी म्हणे आणि मालकाला ते बरोबर वाटे. मिळालेल्या पैशातून कित्येकांनी जुन्या घराशेजारी स्लॅबची एक नवी खोली बांधली आणि जुने घर होते तसेच राहिले. गावोगाव ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमलेल्या स्त्रियांनी येथे फार मोलाचे काम केले. त्यांच्यापैकी अनेकींना भिंतीत काय असावे हे समजले होते, आणि काम चालू असताना त्या पाहत. सरकारी अहवालांत अशा कामाचे मोल नेमके मांडता येत नाही. पण गवंड्याला जे प्रश्न विचारावयाला मालक संकोचतो ते या बायका विचारीत, एवढे खरे.

किल्लारीनंतर चार वर्षे पुरी होण्याआधीच जबलपूरची पाळी आली. २२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी सुमारे सहा प्रतीचा भूकंप झाला. नर्मदा आणि सोन या नद्यांचे खोरे भूगर्भातील एका प्राचीन भेगेच्या पट्ट्यावर आहे. १९२७ मध्ये सोन खोऱ्यात आणि १९३८ मध्ये सातपुड्यात असेच धक्के बसले होते. परंतु एका पिढीच्या आठवणीतून जे जाते ते गवंड्याच्या हातातूनही जाते. विटा चिखलात किंवा निकस मसाल्यात बसविलेल्या भिंती कोपऱ्यात फुटल्या, त्रिकोणी भिंती सुटून पडल्या, कवेलू घसरले. भिंतीचा कोपरा दातेरी जोडाने बांधावा, दारखिडकी कोपऱ्यापासून दूर ठेवावी, लिंटेलच्या पातळीला काँक्रीटचा सलग पट्टा घराभोवती फिरवावा, हे भारतीय मानक संस्थेच्या भूकंपविषयक बांधकाम संहितेत १९६७ पासून लिहिलेले होते. पट्ट्याला लागणारे लोखंड आणि सिमेंट एका घरापुरते पाहिले तर थोडेच. पण तो पट्टा गिलाव्याखाली जातो, पाहुण्यांना दिसत नाही आणि शांत वर्षांत त्याचा काहीच उपयोग होत नाही. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात काटछाट सुरू झाली की पहिली कात्री अशाच गोष्टींना लागते. रंग, फरशी, नळाच्या तोट्या यांवर मात्र यजमान दिवसदिवस हुज्जत घालतो. जेथे त्याने कारागिराला मोकळीक द्यावी तेथे तो आग्रही, आणि जेथे आग्रह धरावा तेथे उदार.

जबलपूरच्या भूकंपाने जो सर्वांत बोलका पुरावा ठेवला तो मात्र जुन्या घरांत नव्हता. तो नव्या, काँक्रीटच्या खांबांच्या, अनेक मजली निवासी इमारतींत होता. त्यांपैकी एकीत तळमजल्याचा अर्धा भाग वाहने ठेवण्यासाठी मोकळा सोडलेला आणि उरलेल्या अर्ध्या भागात खांबांमध्ये विटांच्या भिंती बांधलेल्या. इमारत एक, बांधणारा एक, सिमेंट-वाळू एक, धक्का एक. भिंतींच्या अर्ध्या भागातले खांब जवळजवळ धड राहिले आणि मोकळ्या अर्ध्या भागातले खांब चिरफाळून गेले. वरचे मजले भिंतींमुळे पेटीसारखे ताठ असतात. खालचा मोकळा मजला तेवढा लवचीक. सारे डोलणे मग त्या उघड्या खांबांच्या वाट्याला येते. खांबातल्या उभ्या सळ्यांना कवटाळणाऱ्या आडव्या कड्या विरळ असतील आणि त्यांची टोके आत वळविलेली नसतील, तर आतले काँक्रीट निसटते आणि सळ्या वाकतात.

या इमारतीत कोणी कोणाला डावलले होते? बहुधा कोणीच नाही. गाडीला जागा हवी ही रहिवाशांची इच्छा. भिंती कमी लागल्या ही बांधणाऱ्याची सोय. दोघांचे एकमत झाले, आणि एकमताच्या ठिकाणी हरकत घेणारा कोणी उरत नाही. यजमान आणि कारागीर यांच्यात वाद होतो तेथे निदान दोन्ही बाजू बोलल्या जातात. जेथे कारागिराचा सल्ला यजमानाच्या मनातलेच बोलतो, जेथे तो स्वस्तही असतो आणि हवासाही, तेथेच तिसऱ्याला विचारण्याची खरी वेळ असते. मधली भिंत काढून दिवाणखाना मोठा करू या, जुन्या पायावर आणखी एक मजला चढवू या, अशा प्रस्तावांची जात हीच. गवंडी हो म्हणतो, मालकाला आनंद होतो, आणि ती भिंत काय पेलत होती हे कोणी विचारीत नाही.

अशा वेळी गृहस्थाने गवंड्याशी कशाच्या बळावर बोलावे? स्वतःच्या तर्काच्या बळावर बोलला तर दहापैकी नऊ वेळा गवंडीच बरोबर ठरेल. चुना किती दिवस भिजवावा, उतार कोणत्या बाजूला द्यावा, ओल कोठून येते, हे हाताला कळते. परंतु ‘आमच्याकडे असेच करतात’ हे एकच उत्तर जेव्हा मिळते, आणि प्रश्न आयुष्यात एकदाच येणाऱ्या धक्क्याचा असतो, तेव्हा त्या अनुभवाला मर्यादा पडते. कारण तशा धक्क्याचा अनुभव त्यालाही नसतो. तेथे लिहिलेला नियम पुढे करावा लागतो. पीथेच्या डोक्यावर विश्वकर्मा होता, तेव्हा त्या नियमात रूढी, श्रद्धा आणि गणित एकत्र मिसळलेले होते. आजच्या संहितेत श्रद्धा नाही, पण काम तेच आहे: राणीची हौस आणि सूत्रधाराची सवय या दोहोंच्याही वर उभे राहणे.

जबलपूरच्या त्या दुभंगलेल्या तळमजल्याचे वर्णन अभियंत्यांनी लगेच प्रसिद्ध केले. ते वाचणारे थोडे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला तेव्हा केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत मोकळ्या तळमजल्याच्या अनेक इमारती आपल्या रहिवाशांसह बसल्या. त्यानंतर २००२ मध्ये भारतीय मानक १८९३ ची सुधारित आवृत्ती निघाली आणि मोकळ्या मजल्यावरील खांब व तुळया नेहमीच्या हिशेबाच्या अडीच पट भूकंपबलासाठी आखाव्यात, असे कलम तीत आले. नियम नव्या बांधकामाला लागू झाला. आधी उभ्या राहिलेल्या हजारो इमारतींच्या तळमजल्यांत एखादी भिंत घालावी की गाडी ठेवावी, हा निर्णय त्या त्या घरमालकांच्या बैठकीकडे राहिला.